दोन पुंगळ्या

दिवाळीच्या आधीचे दोन दिवस आमच्या घरी पितळेचे असत. माळ्यावरून हंडे-कळश्या खाली उतरत, देवघरातली समई आणि निरांजने ओट्यावर येत, आणि आजी चिंचेचा कोळ नि रांगोळी घेऊन बसे. आम्हा मुलांकडे किरकोळ भांडी येत. या किरकोळ भांड्यांतच दोन लहानशा पितळी नळ्या असत. दोन्ही माझ्या करंगळीएवढ्या, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघड्या. एकीला सुरईसारखी मान होती; दुसरी पावशेराच्या मापासारखी वरपासून खालपर्यंत सरळ. त्या कसल्या आहेत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. घासून झाल्या की आजी त्या परत कोनाड्यात ठेवी, पण एकीत उदबत्ती खोची आणि दुसरीत कधीच काही खोचीत नसे. त्या बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत हे मला कळले तेव्हा मी पाचवीत होतो. त्या एकाच कारखान्यात जन्मलेल्या असून एक फौजेची आणि दुसरी पोलिसांची आहे, हे कळायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली.

वाचकहो, दिवाळी अंकात बंदुकीचा विषय कुठून काढला म्हणून रागावू नका. फटाक्यांच्या दिवसांत काडतुसाची गोष्ट तशी परकी नाही. पोरे पिस्तुलात टिकली घालतात, चाप ओढतात आणि ‘फट्’ असा आवाज येतो. काडतुसाच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे या टिकलीचीच थोरली बहीण. तिच्यावर टोला बसला की ठिणगी आत जाते, दारू पेटते आणि गोळी पुढे सुटते. गोळी जाते, दारू जळून जाते, टोपी फुटते. मागे उरते ती पितळेची पुंगळी. या साऱ्या भानगडीत जे एकटे जागेवर राहते, त्याला जगाच्या इतिहासात फारसे कोणी विचारलेले नाही. आणि आमच्या सातारा-सांगलीच्या इतिहासात तर त्याचे काम मोठे आहे.

पुंगळी येण्यापूर्वी काडतूस कागदाचे असे. कागदाच्या सुरळीत दारू नि गोळी बांधलेली. शिपायाने तिचे टोक दातांनी फोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गजाने ठासायची. एन्फिल्ड बंदुकीच्या अशाच काडतुसाला गाई-डुकराची चरबी लावली आहे, या बातमीने १८५७ साली उत्तर हिंदुस्थान पेटला, हे शाळेतले प्रत्येक पोर सांगेल. आमच्या साताऱ्यालाही त्याची झळ लागली. १८४८ साली छत्रपतींचे राज्य खालसा झालेलेच होते. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेत दाद मागून थकून परतले होते आणि उठावाची जुळणी करीत होते. कट फुटला. रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कोणाच्या हाती लागले नाहीत. पण ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी बंदुकीच्या गोळीने. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. या प्रसंगातून इंग्रजांनी जो धडा घेतला तो केवळ चरबीपुरता नव्हता. हिंदी माणसाच्या हाती कोणते हत्यार द्यावे आणि कोणते देऊ नये, याचा हिशेब तेव्हापासून फार बारकाईने होऊ लागला. पुढे कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीला नवी बंदूक मिळे आणि तिची जुनी हिंदी पलटणीला, अशी रीतच पडली.

पितळ काडतुसात शिरले ते त्यानंतर. १८६६ च्या सुमारास कर्नल बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पितळी काडतूस सिद्ध केले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. म्हणजे गेंडामाळाच्या घटनेला पुरती बारा वर्षे झाली नव्हती, तोच साताऱ्यापासून दोन दिवसांच्या मजलेवर काडतुसे होऊ लागली. १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्यावाचून बंदूकच काय, काडतूसही बाळगण्याची सोय राहिली नाही.

बॉक्सरची पहिली पुंगळी मात्र आजच्यासारखी नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून तिचे अंग केलेले आणि बूड लोखंडाचे, वेगळे जोडलेले. दिसायला पितळी, पण ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ अशातली गत. बार उडाला की पातळ पत्रा फुगून बंदुकीच्या घरात चिकटायचा, आणि शिपाई पुंगळी ओढू लागला की बूड तेवढे हाती यायचे, अंग आतच राहायचे. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानात अबू क्ली येथे इंग्रजांची फौज महदीच्या लढवय्यांशी भिडली तेव्हा ऐन धुमश्चक्रीत कित्येकांच्या मार्टिनी-हेन्री बंदुका अशाच अडकून बसल्या. वाळवंटातली धूळ, तापलेली नळी आणि हलकी पुंगळी! त्याच साली पुंगळी गुंडाळण्याचा प्रकार सोडून ती एकसंध पितळेतून ओढून काढण्याची पद्धत फौजेने धरली. पितळेचा कस म्हणजे काय, हे साम्राज्याला असे रणांगणावर शिकावे लागले.

आता हा कस कशात असतो ते थोडे पाहू. पुंगळीचे पितळ साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे असते. या मिश्रणाचा गुण असा की ते ओढले तरी फाटत नाही. पितळेच्या पट्टीतून चकती कापायची, ती दाबून वाटी करायची, वाटी पुन्हा दाबून पेला, पेला ओढून नळी. पण प्रत्येक ओढीबरोबर पितळ ताठर होत जाते. आमच्या गावच्या तांबटाला हे शिकवावे लागत नाही. घाव घालता घालता भांडे कडक झाले आणि ठोक्याचा आवाज बदलला की तो ते भट्टीत घालतो. तापवून मऊ करतो आणि मग पुन्हा हातोडी घेतो. कारखान्यातही हेच, फक्त हातोडीच्या जागी यंत्र. मात्र पुंगळीचे सारे अंग सारखे मऊ ठेवून चालत नाही. बूड टणक हवे, कारण सगळा दाब तिथे येतो. आणि तोंडाशी ती मऊ हवी, म्हणजे बार उडताना फुगून नळीला घट्ट बसेल, मागे धूर येऊ देणार नाही आणि लगेच सैल होऊन बाहेरही निघेल. म्हणून शेवटी मान तेवढी पुन्हा तापवतात. फौजेच्या पुंगळीच्या मानेवर पुष्कळदा एक निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या आचेची खूण. तो डाग नव्हे, ती परीक्षा उतरल्याची पावती आहे.

या बाबतीत आपल्या पावसाळ्याने साहेबाला एक मोठा धडा दिला. हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागेत ठेवीत आणि पाऊस उघडला की बाहेर काढीत. पाहतात तो न उडवलेल्या, कोऱ्या काडतुसांना आपोआप तडे गेलेले! ना कोणी आपटले, ना कोणी ठोकले. ऋतूबरोबर येणारी ही व्याधी म्हणून इंग्रजीत तिला ‘सीझन क्रॅकिंग’ असेच नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी तिचे कारण उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि पितळ ओढताना त्याच्या अंगात कोंडून राहिलेला ताण, अशा तिघांची गाठ पडली की पितळ चिरते. उपाय साधा निघाला: पुंगळी शेवटी मंद आचेवर शेकायची, म्हणजे ताण निघून जातो आणि टणकपणाही राहतो. आजही जगभर धातुशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट सांगतात.

माझ्या कोनाड्यातल्या मानेच्या पुंगळीचे घराणे ‘थ्री नॉट थ्री’. ही जात १८८९ पासून इंग्रजी फौजेत आली आणि १९१० मध्ये तिला जे रूप मिळाले ते दोन्ही महायुद्धे पुरले. लांबी सव्वादोन इंचांना किंचित कमी, वजन जेमतेम तोळाभर, बुडाशी बाहेर आलेली कडा. बुडावर अक्षरे ठोकलेली असतात. ती वाचायला येऊ लागली की पुंगळी आपली जात, गाव आणि जन्मसाल सांगते. ‘आर’ आणि ‘एल’ म्हणजे लंडनजवळचे वूलिच. ‘डी’ आणि ‘आय’ म्हणजे कलकत्त्याजवळचे डमडम. आणि ‘के’ नि ‘एफ’ म्हणजे आपली खडकी. आमच्या दोन्ही पुंगळ्यांवर ‘के’ आणि ‘एफ’ आहेत. एकीचे साल ४२, दुसरीचे ४१.

विलायतेत आणि अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून नेमबाजी करणाऱ्यांचा मोठा संप्रदाय आहे. आपल्याकडे गृहिणी जशा भांड्यांच्या दुकानात पातेले बोटांनी वाजवून पाहतात, तशी ही मंडळी पुंगळी पारखतात. शंभर पुंगळ्या तोलून त्यांच्या वजनात किती फरक पडतो, मानेचा काठ चारही बाजूंनी सारख्या जाडीचा आहे की नाही, ठिणगीचे भोक नेमके मध्यावर आहे की नाही, हे पाहतात. फिनलंडच्या लापुआची पुंगळी सारखेपणासाठी नावाजलेली, स्वीडनच्या नॉर्माचीही कीर्ती मोठी; फौजेची पुंगळी त्या मानाने ओबडधोबड पण दणकट. बुडाच्या कडेच्या जरा वर चकाकणारे कडे दिसू लागले तर समजावे की पितळ तिथे ताणून पातळ झाले आहे आणि पुढच्या खेपेस बूड तुटून पडेल. ‘थ्री नॉट थ्री’ या दोषाबद्दल बदनाम आहे. कारण युद्धातला चिखल-माती गृहीत धरून तिच्या बंदुकीचे घर ऐसपैस ठेवलेले असते.

या पारखीत एक गंमत आहे. बॉक्सर इंग्रज, त्याच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यावर एकच भोक असते, त्यामुळे फुटलेली टोपी आतून एका काडीने सहज ढकलून निघते. ही पद्धत अमेरिकेने उचलली. उलट बर्डन अमेरिकन. त्याच्या पद्धतीत बुडातच एक लहान उंचवटा आणि त्याच्या कडेला दोन बारीक भोके असतात, टोपी काढणे जिकिरीचे. ही पद्धत इंग्रजांनी उचलली. दोघांची पोरे जणू जत्रेत बदलली! म्हणून खडकीची किंवा बर्मिंगहॅमची पुंगळी पुन्हा भरण्याच्या कामी नाठाळ. त्यातून तिच्या टोपीतला पारा बार उडताना पितळेत शिरतो आणि ते ठिसूळ करतो. शिवाय तिच्यातली दारू म्हणजे कॉर्डाइट हे भुकटी नसून सुतळीसारख्या लांब काड्यांची जुडी असे. ही जुडी पुंगळी सरळ असतानाच आत सरकवीत आणि मग वरून मान आवळीत. मान आवळलेल्या पुंगळीत ती पुन्हा भरणे नाही. संस्थानांतले शिकारी छऱ्यांची पितळी काडतुसे घरी पुन्हा पुन्हा भरून वापरीत. पण फौजेच्या पुंगळीला एकच जन्म.

या साध्या गोष्टीत आमच्या भागाच्या एका मोठ्या लढ्याची अडचण दडलेली आहे. ती समजायला आता दुसऱ्या, सरळ पुंगळीकडे वळले पाहिजे.

ही पुंगळी ‘४१० मस्केट’ची. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ४१० भाग तिच्या नळीचे तोंड. थ्री नॉट थ्रीचे ३०३. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने फौजेच्याच पुष्कळ रायफली घेतल्या, त्यांच्या नळ्या आतून कोरून रुंद केल्या आणि गोळीला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा पार पुसून टाकल्या. एका वेळी एकच काडतूस घालायचे, अशी योजना केली. ही मस्केट पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना द्यायची. तिच्यासाठी पुंगळीही तीच घेतली, फक्त मान आवळायची राहू दिली. बाहेरून पाहावे तर तीच रायफल; पण टप्पा थोडका, नेम ढोबळ. मस्केट कोणी हिसकावून नेली तरी तिच्या रुंद नळीत फौजेची गोळी काही कामाची नाही. आणि फौजेच्या कोठारातून काडतुसे पळवली तरी पोलिसाच्या बंदुकीत ती उपयोगाची नाहीत. एकाच हत्याराची अशी दोन कुळे करून ठेवली आणि त्यांचा रोटीबेटी व्यवहार तोडला. १८५७ च्या धड्याचा हा पुढचा पाठ होता.

१९४२ साली ‘चले जाव’चा नारा झाला तेव्हा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके त्यातच होते. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान, आणि कुंडल, किर्लोस्करवाडी ही गावे औंध संस्थानात. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. हे लोक निःशस्त्र होते. त्यानंतर जी मंडळी भूमिगत झाली त्यांनी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव प्रतिसरकार उभे केले. न्यायनिवाडे झाले, गावगुंडांना शिक्षा झाल्या, बिनखर्चाची गांधी-लग्ने लागली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांनी कुंडलला तुफान सेना बांधली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला.

या इतिहासात बंदुका हिसकावल्याच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण एक प्रश्न आम्ही मास्तर लोक मुलांना घालीत नाही: हिसकावलेली बंदूक किती दिवस चालते? बंदूक पन्नास वर्षे टिकते. पण तिच्याबरोबर पट्ट्यात जितकी काडतुसे मिळाली तितकेच बार तिच्या नशिबी. गावचा लोहार नळी घडवील, सुतार दस्ता करील, दारूही कोणी कुटील. पण पितळेची नळी एका मापाने ओढून, बुडाला टणक आणि तोंडाला मऊ करून देणे कोणा तांबटाच्या भट्टीचे काम नव्हे. ते खडकीला होत होते आणि खडकीच्या फाटकावर सरकारचा पहारा होता. साम्राज्याचे खरे कुलूप बंदुकीला नव्हते, ते या तोळाभर पितळेला होते.

२४ जुलै १९४३ चा दिवस घ्या. सांगलीच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगात वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी होते. त्यांनी भर दिवसा पहारेकऱ्यांवर झडप घालून त्यांच्या बंदुका घेतल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि पळाले. दिवस पावसाचे होते. पाठलाग झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना मरण आले, दादांना गोळी लागली. बंदुका दोन्ही बाजूंना होत्या. पण एका बाजूला मागून येणारा पुरवठा होता आणि दुसऱ्या बाजूला हाती लागले तेवढेच.

म्हणूनच भूमिगतांचे डोळे गोव्याकडे लागले. तिथे पोर्तुगीजांचे राज्य, इंग्रजांचा हत्यारांचा कायदा तिथे लागू नव्हता. तिकडून हत्यारे आणताना बाळ जोशी पकडले गेले आणि पणजीच्या तुरुंगात पडले. त्यांना निरोप पोहोचवायला नाना पाटलांची कन्या हौसाताई तुरुंगात जाऊन आल्या आणि परतताना मांडवी नदी त्यांनी एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडली. त्या तेव्हा विशीतही नव्हत्या. एवढी जोखीम कशासाठी, असे मला पूर्वी वाटे. कोनाड्यातल्या पुंगळीकडे पाहिले की आता वाटत नाही. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूरला नागनाथ नायकवडींच्या तुकडीची पोलिसांशी चकमक झाली, त्यात किसन अहीर आणि नानकसिंग कामी आले. प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकले ते बंदुकांच्या संख्येवर नाही. तशी संख्या त्यांच्याकडे कधी नव्हतीच. गावाने भाकरी दिली आणि तोंड उघडले नाही, म्हणून ते टिकले.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे आजोबा फौजेत होते. आमच्या भागात हे नवल नव्हे. आपशिंगे गावाने एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. दुसऱ्या महायुद्धात आजोबा मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी जिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तीच मोहीम. इकडे आजीचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, भूमिगतांचे निरोपे होते. म्हणजे महिन्याच्या महिन्याला आजीच्या हाती सरकारी मनीऑर्डर येई, आणि त्याच सरकारचा फरारी तिच्या घरच्या पेवात बसलेला असे. मनीऑर्डरच्या पैशांतून आणलेल्या जोंधळ्याची भाकरी ती त्याला खाली सोडी. या गोष्टीचा तिला पुढे कधी अभिमान वाटला की भीती, हे तिच्या बोलण्यातून आम्हाला कळले नाही. ती फक्त म्हणे, “दोघं बी आपलंच.”

एकदा गावावर धाड आली. मामाआजोबा उसातून निसटले. पाठीमागे दोन बार झाले. दुसऱ्या दिवशी आजी धारा काढायला गेली तेव्हा बांधावर तिला एक पुंगळी दिसली. पोलिसांना प्रत्येक बाराचा हिशेब द्यावा लागतो, रिकामी पुंगळी परत जमा करावी लागते. ही एक अंधारात राहून गेली असावी. तिने ती पदरात बांधली आणि मनीऑर्डरीच्या पावत्यांच्या डब्यात टाकली.

१९४६ मध्ये आजोबा सुटून आले. इटलीतून आठवण म्हणून त्यांनी एक पुंगळी आणली होती. एके रात्री ओसरीवर मेहुणे-मेहुणे बसले असता आजीने डबा पुढे केला. हा प्रसंग मी मामाआजोबांच्याच तोंडून ऐकला आहे.

त्यांनी विचारले, “दाजी, हिची मान कुठं गेली वो?”

आजोबांनी कंदिलापाशी दोन्ही बुडे धरली. अक्षरे तीच. म्हणाले, “मान गेली न्हाई पावनं, काढलीच न्हाई. ही पोलिसाची. आमास्नी रायफल देत्यात, कारण आमी सातासमुद्रापल्याड. पोलीस हितंच ऱ्हातोय, गावात. त्येचा भरवसा त्येन्ला न्हाई. उद्या त्यो तुमच्यात आला तर?”

“मजी आमच्यावर झाडायला बी त्येन्नी त्येच्या हातात धड बंदूक दिली न्हाई?”

“न्हाई. म्हणून तर तुमी हितं बसलाय.”

दोघे हसले म्हणे. आजी हसली नाही. ती उठून आत गेली. आजोबांच्या बंदुकीतून निघालेल्या गोळीपुढेही कोणाचा तरी भाऊ असेल, हे तिच्या मनात आले असेल का, असे मला आता वाटते. पण विचारायला ती राहिली नाही. उदबत्ती मात्र ती मानेच्या पुंगळीतच खोचीत असे. सरळ पुंगळी रिकामीच राहिली, पण दिवाळीला ती घासल्यावाचून कधी राहिली नाही.

मागच्या वर्षी मला एक शंका आली. आता १९५९ चा हत्यारांचा कायदा आहे. घरात अशा वस्तू ठेवाव्यात की नाही? दोन्ही पुंगळ्या रुमालात बांधून मी ठाण्यावर गेलो. तिथल्या निवृत्तीला आलेल्या हवालदारांनी त्या तळहातावर घेतल्या आणि सरळ पुंगळी पाहून त्यांचा चेहरा खुलला. “गुरुजी, ही तर मस्केटची! मी भरती झालो तेव्हा आम्हाला हीच होती.” मी चकितच झालो. राज्य गेले, ज्याने अविश्वासापोटी हे हत्यार घडवले तो देश सोडून गेला, पण हत्यार आमच्याच पोलिसाच्या खांद्यावर पुढे कित्येक वर्षे राहिले. थ्री नॉट थ्रीचेही तेच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा रेल्वे स्थानकावरचे आमचे शिपाई तीच जुनी रायफल घेऊन यंत्रबंदुकांसमोर उभे होते. हवालदारांनी पुंगळ्या नीट पाहिल्या, रिकाम्या आहेत याची खात्री केली आणि चहा पाजून मला वाटेला लावले.

खडकीचा कारखाना अजून आहे. १९६४ मध्ये त्याच्या जोडीला जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना आला, आणि २०२१ पासून हे दोन्ही नव्या सरकारी कंपनीत गेले आहेत. आता तिथली पुंगळी आपल्या जवानांसाठी निघते. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरली, तिथल्याच स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. त्यांची ‘पॉइंट टू टू’ पुंगळी लहान. तिची दारू पेटवणारा मसाला कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा भरता येतच नाही. पण एकाच नमुन्याच्या दोन घाण्यांत फरक असतो, म्हणून नेमबाज आधी घाणा पारखून मगच स्पर्धेसाठी काडतुसे घेतात. पितळ पारखण्याची विद्या अशी चांगल्या कामीही येते.

आमच्या शाळेच्या छात्रसेनेचे शिबिर मागे झाले. गोळीबाराचा सराव आटोपला आणि रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, तो एक कमी. साऱ्या मुलांना उन्हात रांगेने गवत चाळायला लावले. दीड तासाने आठवीतल्या एका पोराने रडत रडत मोज्यातून ती काढून दिली. आजोबांना दाखवायची होती म्हणाला. सुभेदार साहेबांनी त्याला दटावले; मीही चार शब्द बोललो, कारण बोलणे भाग होते. रात्री तंबूत त्याला जवळ बसवून मी त्याला ही गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमच्या आजीनं दिली नाही ती परत. मग मीच का द्यायची?”

मी म्हणालो, “तेव्हा मोजणारे परके होते बाळ. आता मोजणारे आपले आहेत. आपल्या हिशेबात खोट येऊ द्यायची नाही.”

त्याला ते पटले की नाही कोण जाणे. या दिवाळीला मी त्याला घरी फराळाला बोलावले आहे. हंडे-कळश्या निघतील, चिंच भिजेल. त्या दोन पुंगळ्या यंदा त्याच्या हाती घासायला देणार आहे.